शेवटचा आकडा पाच

सावेली येफीमिच चुली बांधायचा. अर्धी खोली अडवणाऱ्या, विटांच्या, हिवाळाभर म्हातारी माणसं ज्यांच्या माथ्यावर पथारी टाकून पडतात त्या चुली. सुखोना नदीच्या आमच्या काठावर त्याच्या हातची चूल नाही असं घर दाखवा म्हटलं तर दोन दिवस फिरावं लागलं असतं. चुलीला चार दिवस लागायचे, आणि त्या चार दिवसांत घरच्यांनी दोन कामं करायची. एक म्हणजे सावेलीला माशाची पोळी, म्हणजे आत मासा भरून भाजलेली जाड पोळी, खाऊ घालायची, आणि दुसरं म्हणजे त्याच्या पदकाची गोष्ट ऐकायची.

पदक खरं होतं. चांदीचं, गोल, वर तीन विमानं, खाली रणगाडा, आणि मधे लाल अक्षरांत लिहिलेलं ‘धाडसाबद्दल’. गोष्ट मात्र वर्षागणिक बाळसं धरत गेली. लढाईवरून परत आला तेव्हा तीत एक जर्मन होता. पाच वर्षांत त्याचे तीन झाले. गेल्या वर्षी मालूखिनांच्या घराचं धुराडं वर चढेपर्यंत त्यात एक तोफही येऊन बसली होती. गोष्टीत सावेली भर गोळीबारात नदी पोहून पलीकडे जायचा. आता हा माणूस गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कधी उतरत नाही, हे गावातल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं. पण त्याच्या चुलीचा धूर कसा सरळ वर जायचा, त्यामुळे सगळे माना डोलवायचे आणि आणखी एक पोळी वाढायचे.

पासष्ट साली जर्मनांवरच्या विजयाला वीस वर्षं झाली. सरकारने नऊ मेला सुट्टी जाहीर केली, आणि जे जे लढले त्या सगळ्यांना एक नवं पदक द्यायचं ठरवलं. त्यासाठी जुनी पदकं आणि कागद घेऊन तालुक्याच्या लष्करी कचेरीत हजर राहा, असा निरोप मार्चमध्ये आला. सावेलीने दाढी केली, कोटाला पदक लावलं आणि दुधाच्या गाडीत बसून निघाला. बायकोला, उस्तिन्याला, सांगून गेला की संध्याकाळी काहीतरी गोडधोड कर.

कचेरीत एक तरुण अधिकारी होता, मिशा ठेवाव्या की काढाव्या हे अजून न ठरलेला. त्याने पदक पालथं केलं, मागचा नंबर वाचला, मग कागद वाचला, मग पुन्हा पदक. सावेलीला वाटलं, पोराला आकडे येत नसावेत.

“कागदावर शेवटचा आकडा चार आहे, सावेली येफीमिच,” अधिकारी म्हणाला. “पदकावर पाच आहे.”

“बरं मग?”

“मग हे पदक तुमचं नाही.”

सावेली आधी हसला. मग त्याने पदक हातात घेतलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याची मागची बाजू नीट पाहिली. पाचच होता. आणि काय झालं असणार ते त्याच क्षणी त्याला लख्ख कळलं, कारण त्याचं पदक बदललं जाणं फक्त एकाच माणसाच्या पदकाशी शक्य होतं.

आमच्याकडे पदक मिळालं की ते धुतात. म्हणजे पाण्याने नव्हे. ते व्होडकाच्या पेल्यात टाकायचं, पेला सगळ्यांत फिरवायचा, आणि शेवटी ज्याचं पदक त्याने उरलेली पिऊन तळातलं पदक दातांनी उचलायचं. न धुतलेलं पदक छातीवर टिकत नाही, असं सैन्यात सेनापतीपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे मानायचे. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात सावेलीच्या तुकडीत एकाच दिवशी दोघांना ‘धाडसाबद्दल’ मिळालं, सावेलीला आणि त्याचा जोडीदार निकांद्र शेमेलिनला. पेले नव्हतेच. जेवणाचा एक डबा होता. दोन्ही पदकं त्या एकाच डब्यात पडली, डबा तीस माणसांत फिरला, आणि शेवटी दोघांनी डोक्याला डोकं लावून डब्यात तोंड घातलं. दाताला जे लागलं ते ज्याचं त्याने घेतलं. अशा वेळी नंबर बघायचं भान कुणाला असतं?

अधिकाऱ्याने हे शांतपणे ऐकून घेतलं. तो काही वाईट नव्हता. म्हणाला, असे धुताना पदकं बदललेले दोघे-तिघे आधीही येऊन गेलेत. पण नंबर म्हणजे नंबर. आठ मेपर्यंत स्वतःचं पदक घेऊन या, नाहीतर हे इथे जमा होईल, आणि नव्या पदकाचंही मग पुढचं पुढे बघू. तोवर हे खिशात ठेवायचं, छातीवर नाही. शेमेलिनचा पत्ता आपणच काढून कळवतो, असंही तो म्हणाला.

“जिवंत आहे का तो?” सावेलीने विचारलं.

“ते तुम्हालाच ठाऊक असणार ना,” अधिकारी म्हणाला. “दोस्त तुमचा.”

सावेली कोटावरची दोन भोकं हाताने झाकत घरी आला.

उस्तिन्याने सगळं ऐकलं. नऊ मेला मैदानात अख्ख्या गावासमोर पहिल्या रांगेत उभं राहायचं, आणि ह्या बाबाच्या छातीवर काही नाही, म्हणजे लोक काय म्हणतील, हे तिला सांगावं लागलं नाही. ज्यांनी वीस वर्षं माना डोलावल्या तेच आता म्हणणार की म्हाताऱ्याने पदक कुणाचं तरी ढापलं होतं. पण तिच्या डोक्यात वेगळंच शिरलं. तिने ताटातली गोड पोळी त्याच्यासमोरून जरा लांब सरकवली.

“सावेली, तुझे तीन जर्मन मला पाठ आहेत,” ती म्हणाली. “तोफसुद्धा. हा निकांद्र कोण? वीस वर्षांत ह्याचं नाव नाही कधी घेतलंस.”

बायका नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवतात. सावेलीने मग तिला, पोळी परत मिळावी म्हणून असेल किंवा दुसऱ्या कशासाठी, खरी गोष्ट सांगितली.

दोघं टेलिफोनची तार ओढणारे. द्विना नदीपलीकडे आपली माणसं अडकलेली, त्यांच्यापर्यंत तार न्यायची. निकांद्र लहानपणापासून नदीकाठी वाढलेला, तारेचं टोक कमरेला बांधून तो पोहत पुढे गेला. सावेली मागून, पाण्यात तराफ्यासारखं सोडलेल्या एका गोठ्याच्या दारावर, तारेचं रीळ घेऊन, डोळे घट्ट मिटून. मधे तोफगोळा पडला, दार उलटलं, तार तुटली. सावेली जिथे पडला तिथे नशिबाने वाळूचा उंचवटा होता. पाणी गळ्यापर्यंत. पक्कड बुडाली होती. तेव्हा त्याने तारेची दोन टोकं दोन हातांत धरून एकमेकांना टेकवली, आणि पाऊण तास तसाच उभा राहिला. त्या पाऊण तासात पलीकडच्यांनी टेलिफोनवरून आपल्या तोफांना निशाणं सांगितली. अंगातून वीज जात होती, दात वाजत होते.

“मग तेच धाडस की,” उस्तिन्या म्हणाली.

“कसलं धाडस? मला पोहता येत नाही. जाणार कुठे होतो मी?”

उस्तिन्याला हसू आवरेना. आणि मग तो जे बोलला त्याने तिचं हसू विरलं. पंचेचाळीसच्या जानेवारीत, प्रशियात, निकांद्रच्या पायाखाली सुरुंग फुटला. सावेलीने त्याला पाठीवर घेऊन एका शाळेत आणलं, तिथे इस्पितळ होतं. डॉक्टरीण म्हणाली, पाय जाणार. निकांद्रने सावेलीची बाही पकडली आणि म्हणाला, उद्या ये, सावका, मी एकटा नको. सावेली हो म्हणाला.

“आणि तुकडी पहाटे पुढे निघाली,” उस्तिन्या समजुतीने म्हणाली. तिच्या भावानेही असंच काहीतरी सांगितलं होतं.

“दुपारी दोनला निघाली,” सावेली म्हणाला. “शाळेच्या समोरच होतो आम्ही, रस्ता ओलांडायचा फक्त. मी सकाळभर बूट दुरुस्त करत बसलो. त्याला तसा बघायची छाती होईना माझी. एक खिळा ठोकायचा, काढायचा, पुन्हा ठोकायचा. मग निघालो आम्ही.”

धाडसाचं पदक धुऊन छातीवर लावलेल्या माणसाने हे कुठल्या चुलीपाशी सांगावं? म्हणून त्याने जर्मन वाढवले. आणि आता कळलं होतं की इतकी वर्षं छातीवर जे लावून मिरवलं ते निकांद्रचं होतं. खरं म्हणजे ते बरोबरच आहे, असं त्याला आतून वाटत होतं. धाडस ज्याचं, त्याचं पदक. आपलं जे शेवटी चार असलेलं, ते त्या बिचाऱ्याच्या पेटीत पडलं असेल, नाहीतर त्याच्याबरोबर मातीत गेलं असेल.

उस्तिन्याने पोळी परत त्याच्यासमोर ठेवली. एवढंच म्हणाली की पत्ता आला की लिहायचं, आणि तू नाही लिहिलंस तर मी लिहीन, माझं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे.

पत्ता एप्रिलच्या मध्यावर आला. सावेलीने तो दोनदा वाचला. निकांद्र पावलोविच शेमेलिन जिवंत होता. नदीवर दिवे सांभाळायचा. बोटींना वाट दाखवणारे तरंगते दिवे असतात ते. आणि नदी कुठली, तर सुखोनाच. आपल्या घरापासून बोटीने दीड दिवस, खाली. म्हणजे वीस वर्षं सावेलीच्या अंगणासमोरून जे पाणी गेलं ते दीड दिवसाने निकांद्रच्या दारासमोरून जात होतं. उस्तिन्या म्हणाली की एवढ्या अंतरावर माझी मावशी राहते आणि तिच्या गायीला वासरू झालेलंही मला कळतं.

सावेलीने चार पत्रं लिहिली. पहिलं सहा पानी होतं, ते त्याने चुलीत घातलं. दुसऱ्यात माफी होती, तेही गेलं. तिसरं उस्तिन्याने वाचलं आणि तिनेच चुलीत घातलं, कारण त्यात पुन्हा तोफ आली होती. चौथ्यात नंबरांची भानगड, कचेरीचा हुकूम, आणि कृपया माझं पदक नोंदणी टपालाने पाठवावे, मी तुमचं पाठवतो, असा मजकूर होता. जुन्या जोडीदाराला ‘तुम्ही’ लिहिलं होतं. भेकड माणूस असा कागदावर सभ्य होतो, असं माझं तरी मत आहे.

उत्तर आठ दिवसांत आलं. एका कार्डावर, पेन्सिलीने.

“पोस्टाने पाठवणार नाही. हवं तर येऊन ने. दुपारी घरी असतो.”

खाली सही. तब्येत कशी, बायकोमुलं किती, काही नाही. सावेली कार्ड घेऊन तीन दिवस फिरला. चिडलाय, म्हणाला. चिडणारच, उस्तिन्या म्हणाली. दारातून हाकलून देईल, तो म्हणाला. तर परत ये, बोट दोन्हीकडे जाते, ती म्हणाली. मग त्याने शेवटचं अस्त्र काढलं, की नदीला अजून बर्फ आहे. दुसऱ्याच दिवशी बर्फ फुटला आणि सगळं गाव काठावर बघायला जमलं. सावेली सोडून सगळ्यांना आनंद झाला.

चार मेला तो मोसमाच्या पहिल्या बोटीत चढला. उस्तिन्याने टोपलीत माशाची मोठी पोळी, खारवलेली अळंबी, लोकरीचे मोजे असं सगळं भरून दिलं. मोजे दोन की एकच द्यावा ह्यावर तिने बराच विचार केला होता, आणि दोन दिले. बोटीत सावेली बरोबर मधोमध, खांबाला मिठी मारून बसला. शेजारच्या बाईने विचारलं की आजोबा, बरं नाही का? त्याने सांगितलं की खांब जरा सैल वाटतोय म्हणून धरलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट एका लहानशा धक्क्याला लागली. काठावर एक घर, दारात दिव्यांचे लाल-पांढरे लाकडी तरंगे ओळीने पालथे मांडलेले, आणि त्यांना रंग देत बसलेला एक माणूस. डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा. केस सगळे गेलेले. सावेलीने त्याला मानेवरून ओळखलं. त्या मानेमागे तो दोन वर्षं चालला होता.

निकांद्रने वर पाहिलं, ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले.

“आलास? रंग ओला आहे, टेकू नकोस कशाला.”

बस, एवढंच. घरात नेलं. बायको मुलीकडे गेली होती. त्याने माशाचं गरम सार दोन वाडग्यांत ओतलं, सावेलीची पोळी कापली, आणि कपाटातून चहाचा एक पत्र्याचा डबा काढला. डब्यातून पदक काढून टेबलावर ठेवलं.

“हे तुझं. चार. माझं टाक.”

सावेलीने शेवटी पाच असलेलं पदक काढून दिलं. निकांद्रने ते उलटंपालटं केलं, फुंकर मारली आणि कोटाला लावलं. सावेलीनेही आपलं लावलं. सगळं आटपायला एक मिनिटही लागलं नाही. नऊ मेची पहिली रांग, कचेरी, गावातली तोंडं, सगळं मिटलं. बोट चार वाजता परत जाणार होती आणि सावेलीला आता इथे काही काम उरलं नव्हतं.

तरी तो उठेना. निकांद्र सार पीत होता. बाहेर पाण्यावरून बर्फाचे तुकडे एकमेकांना घासत चालले होते. सावेलीने दोनदा घसा खाकरला. वाटेत खांबाला धरून त्याने सगळं जुळवून ठेवलं होतं, पण आता त्यातलं एक अक्षर आठवेना.

“निकाशा,” तो म्हणाला. “त्या दिवशी आमची तुकडी पहाटे नाही निघाली.”

“माहीत आहे.”

“दुपारी दोनला निघाली.”

“माहीत आहे रे. खाट खिडकीशी होती माझी. तू समोर पायरीवर बसून बूट ठोकत होतास. सकाळभर. मी डॉक्टरणीला सांगितलं, तो माझा जोडीदार, बूट झाला की येईल. ती पाय कापायला थांबत नव्हती, मीच थांबवलं तिला. अकरापर्यंत.”

 सावेलीने चमचा खाली ठेवला. आता हाकलून देईल तर बरं होईल, असं त्याला मनापासून वाटलं.

“चिडलो होतो मी,” निकांद्र म्हणाला. “चार वर्षं चिडलो होतो. रोज शिव्या द्यायचो तुला, दिवे लावताना, दिवे काढताना. बायको म्हणायची, हा सावका कोण मेला? मग एकोणपन्नास साली इथल्या कचेरीने पदकं तपासायला मागितली. आदल्या दिवशी मी ते पुसायला काढलं. तेव्हा दिसलं. माझ्या कागदावर पाच, आणि हे चार.”

“एकोणपन्नास साली?” सावेलीला हिशेब लागेना. “सोळा वर्षं ठाऊक आहे तुला? मग बोलला का नाहीस?”

निकांद्रने पोळीचा तुकडा तोडला, त्यातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

“कचेरीत सांगितलं, कागद हरवलाय. त्यानंतर दोनदा विचारलं त्यांनी, दोनदा हेच सांगितलं. भडाभडा बोलले मला. तो डब्यातच आहे, हा बघ.”

“पण का?”

“अरे, खरं सांगितलं असतं तर त्यांनी आठ दिवसांत टपालाने अदलाबदल करून टाकली असती,” निकांद्र म्हणाला. “मग तू कशाला आला असतास?”

सावेलीने टेबलावर डोकं टेकलं आणि तो रडला, लहान मुलासारखा, आवाज करून. निकांद्रने त्याला थोपटलं वगैरे नाही. त्याने फक्त सावेलीचं वाडगं बाजूला घेतलं, निवलेलं सार परत भांड्यात ओतलं आणि चुलीवर ठेवलं. चार वाजता बोटीने भोंगा दिला, दोनदा दिला. मग धक्क्यावर कुणी येत नाही असं पाहून ती निघून गेली.